समोरच्या कोनाचं कारण

भूमिती पाठ करायची असते, असं या मंडळींना कुणीतरी सांगून ठेवलं आहे. तो कोण, मला माहीत नाही. पण त्याने माझ्या वर्गातल्या प्रत्येकाची दोन-दोन वर्षं खाल्ली आहेत! घाटकोपरच्या एका व्यायामशाळेत दर रविवारी सकाळी मी दहावीच्या गणितात नापास झालेल्या मोठ्या माणसांना फुकट शिकवते. बीएस्सी होऊन वर्षच झालंय, त्यामुळे दम कमी आणि आवाज जास्त. अशा वर्गात किस्से साठणारच!

*

सावंतकाका वर्कशॉपमध्ये फिटर, वय बेचाळीस. पहिल्याच दिवशी मी फळ्यावर हाताने वर्तुळ काढलं, त्यात चक्रीय चौकोन, एक कोन सत्तर, आणि समोरचा विचारला. काका उठले, फळ्याला कोनमापक लावला.

"बाई, एकशे चार!"

"काका, मोजायचं नाही! समोरासमोरच्या कोनांची बेरीज एकशे ऐंशी, म्हणून एकशे दहा."

"मगे तुमचो चौकोन वाकडो आसा. असो जॉब केलंय तर फोरमन माका घराक धाडतलो!"

*

प्रत्येक पायरीपुढे कारण लिहावं लागतं, नाहीतर मार्क जातात. काकांनी एका पायरीपुढे लिहिलं, "उघड आहे." मी लाल रेघ मारली. पुढच्या रविवारी त्यांनी सुधारून आणलं, "बाईंनी सांगितले."

*

चंद्रा माहुलची, आईबरोबर मासळी विकते. तिथल्या बालवाडीत शिक्षिकेची जागा तिच्यासाठी धरून ठेवलेली. अट एकच, दहावी पास. ही तिसरी खेप. यंदा गेली तर जागाही गेली.

आणि ही बया दिसेल त्या चौकोनाला एकशे ऐंशी लावायची! एकदा चौकोनाचं एक टोक थेट वर्तुळाच्या केंद्रात होतं. तिथला कोन शंभर, म्हणून हिने समोरचा ऐंशी लिहिला.

मी ओरडले, "अगं, चारही टोकं वर्तुळावर हवीत!"

"तीन हायत ना, बाई. एकासाठी काय अडवता?"

*

पाठांतर मोडायला मी वर्गात एक नियम केला होता. आधी कारण मोठ्याने म्हणायचं, मगच उत्तर लिहायचं. बोर्डाच्या परीक्षेत चंद्राने तेच सुरू केलं! "अर्धवर्तुळातला कोन, म्हणून नव्वद..." अख्खा हॉल कान टवकारून! सुपरवायझर खवळले, "पेपर काढून घेऊ का?" चंद्राची वाट लागली. ती रडायलाच लागली, तेव्हा त्यांनी तिला व्हरांड्यात एकटीला बसवलं.

तिथे पाण्याच्या पिंपाशी एक म्हातारे शिपाई स्टुलावर बसले होते. चंद्राचं पुटपुटणं चालूच. एकेक कारण, एकेक कोन, करत करत ती पंच्याहत्तरच्या कोनापर्यंत पोचली. शेवटच्या पायरीला सुपरवायझर मागे येऊन उभे राहिले. घाबरून तेवढं कारण तिने मनातच म्हटलं. तोंडून निघालं फक्त, "एकशे पाच!"

जूनमध्ये ती पास झाली. बालवाडीची जागा पक्की! आम्ही दोघी पेढे घेऊन परीक्षा झालेल्या त्या शाळेत गेलो. शिपाईमामांनी तिला लांबूनच ओळखलं. मी पेढा पुढे केला.

"पेढा राहू द्या," ते म्हणाले. "आधी या पोरीला सांगू द्या, पंच्याहत्तरच्या समोर एकशे पाच आले कुठून? तीन महिने डोकं खातंय माझं!"