मावशीचा रिकामा डबा

पाचोरा-जामनेरच्या छोट्या रेल्वेगाडीची थट्टा करायचा हक्क फक्त आमचा आहे. बाहेरच्या कोणी केली की मला राग येतो. ती हळू होती, कबूल. आमच्या गावच्या फाटकाशी तर ती चक्क थांबायची. गाडीतूनच एक माणूस उतरायचा, फाटक लावायचा, गाडी पुढे गेली की फाटक उघडायचा आणि पळत येऊन परत चढायचा. जळगावला माझ्या ऑफिसात हे सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे. त्या थांबण्यावर माझ्या आईचं आणि मावशीचं अर्धं आयुष्य चाललं.

मावशीला शेंदुर्णीच्या पुढच्या गावात दिलेली. आई सकाळी लाल फडक्यात बांधलेला डबा त्या फाटकवाल्याच्या हातात द्यायची. लाल फडकं म्हणजे मावशीचा थांबा, हे लाईनीवरच्या सगळ्यांना ठाऊक. संध्याकाळी डबा परत यायचा तो भरलेलाच. लोणचं, ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या, काहीच नसलं तर गुळाचा खडा. दुसऱ्या दिवशी मावशी स्वतः येणार असली तरच तो रिकामा यायचा. आता हातानेच आणते, डब्यात कशाला घालू, असा तिचा हिशेब. रिकामा डबा दिसला की आई लगेच अंगण सारवायला घ्यायची.

मग गाडी बंद झाली. रूळ रुंद होणार, मोठी गाडी येणार म्हणाले, आणि वर्षं जात राहिली. आईचे गुडघे गेले, मावशीचे कान गेले. फोनवर मावशी नुसतं ‘हां, हां’ करते आणि आई इकडे डोळे पुसते. दिवाळीला नि आखाजीच्या सणाला मी जळगावच्या मेहरूणहून येऊन आईला कारने तिच्याकडे नेते. एकदा मी जरा तोऱ्यातच म्हणाले, “नेते ना मी तुला?”

आई म्हणाली, “तू लई जास. पन मी जात नही ना.”

मी नेते, ती आपली आपण जात नाही. मला ते झोंबलं, कारण खरं होतं.

यंदा हिवाळ्यात मी सुट्टी काढून गावी गेले, तेव्हा नव्या रुळांवरून खडीची गाडी जा-ये करायला लागली होती. सकाळी शिट्टी वाजली आणि आई गुडघे विसरून उठली. भरीत, कळण्याची भाकरी, लाल फडकं. मी आंघोळीहून येते तो ती फाटकाशी जाऊन गाडीवरच्या पोरांच्या हाती डबा देऊनही आली होती. “आई, ती खडीची गाडी आहे,” मी म्हणाले. “रूळवरच जास ना?” ती म्हणाली.

संध्याकाळी डबा आला, त्यात फुटाणे. आईचा चेहराच उतरला. मावशीच्या तोंडात दात नाहीत, ती फुटाणे कशाला पाठवेल? खडी ओढणारी पोरं परमुलखातली. कोणी माउलीने जेवण दिलं असं समजून त्यांनी ते खाल्लं होतं, आणि रिकामा डबा परत करू नये एवढी रीत मात्र पाळली होती. आई आधी फणफणली. मग फुटाणे चिवडत म्हणाली, “खाऊ दे. आठे त्यास्नी माय नही.” दुसऱ्या दिवशी तिने दोन डबे केले. इंजिन चालवणारा भुसावळकडचा, आमची बोली समजणारा होता. त्याला आईने समजावलं, पोरांचा हा, लाल फडक्याचा बहिणीचा, तिच्या थांब्यावर द्यायचा.

त्या संध्याकाळी लाल फडक्याचा डबा रिकामा आला.

“हाही हाणला!” मी चिडून म्हणाले. पण आई फडक्याची गाठ चाचपत होती. दुहेरी, करकचून मारलेली, मावशीचीच. “ती येणार शे,” आई म्हणाली, आणि मग दोघींच्या एकदमच लक्षात आलं. मावशीला ऐकू येत नाही. तिला कोणी काय सांगितलं असेल नसेल. डबा आला म्हणजे गाडी सुरू झाली, एवढंच तिला कळलं होतं.

सकाळी मावसभावाच्या बायकोचा फोन. “ताई, त्या पहाटेच पिशवी घेऊन थांब्यावर जाऊन बसल्यात. किती हातवारे केले, उठतच नाहीत.” एवढी आस लावून बसलेल्या बाईला, गाडी नाही, हे कोण सांगणार? मी चप्पल घालेपर्यंत आई कारमध्ये बसलेली. मांडीवर तो डबा, सवयीने घेतलेला.

मावशी नव्या फलाटाच्या कडेला ठेवणीतलं लुगडं नेसून बसली होती. आईला बघून तिने विचारलं, “गाडी लेट शे का वं?”

आई तिच्या कानाशी ओरडली, “लेट शे! पन येणार शे!”

मावशीने रिकाम्या रुळांकडे बघितलं, मग आईकडे. सगळं उमगलं असावं. “गाडी नही उनी,” ती म्हणाली, “पन तू उनी ना.” गाडीऐवजी बहीण आली होती. मग दोघी हसत काय होत्या, रडत काय होत्या. मी बाजूला होऊन डोळे पुसले.

मी मावशीला खुणेने म्हटलं, चल, कारने आमच्याकडे. तिने ठाम मान हलवली. ती गाडीनेच येणार होती, मग कितीही उशीर होवो. तिने पिशवीतून बिबड्या काढल्या आणि आईच्या मांडीवरचा डबा भरायला ओढला.

आईने डबा मागे घेतला. पदर पसरून बिबड्या पदरात घेतल्या आणि रिकाम्याच डब्याचं झाकण लावलं.

तो डबा आता आमच्या फडताळात रिकामाच आहे. परवा मी त्यात साखर भरायला गेले, तर आईने हातातून काढून घेतला.