डब्यावरची शीग

हिवरखेडपासून थोडं आत असलेल्या एका गावच्या शाळेत माझी बदली झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी पोषण आहाराची वही माझ्या हातात ठेवली. मी अकोटहून स्कुटीने ये-जा करायची. नवीन होते, नाही म्हणायला जमलं नाही.

शाळेचा वजनकाटा केव्हाच बंद पडला होता. तांदूळ मोजायला पत्र्याचा एक डबा होता. त्यावर आधीच्या गुरुजींनी ऑइल पेंटने लिहून ठेवलं होतं, 'दोन किलो'. भात शिजवायला गावातल्याच एक मावशी यायच्या. पन्नाशीच्या, रोखठोक बोलणाऱ्या. त्या कोठीतून तांदूळ काढायच्या तेव्हा मी वर्गातूनच ओरडून विचारायची, "किती झाले, मावशी?"

"चार."

मी वहीत आठ किलो लिहायची आणि फळ्याकडे वळायची.

तीनेक महिन्यांनी तपासणीला साहेब येणार असं कळलं, म्हणून कोठीतले पन्नास किलोचे कट्टे मोजले. वहीप्रमाणे पाच हवे होते. होते चार. मी पोती हलवून, मागे वाकून पुन्हा मोजले. चारच.

त्या दिवसापासून माझं कशात लक्ष लागेना. पोळी तव्यावर करपायची आणि मी मनात डबे गुणत असायची. उंदीर एवढं खातील? खाल्लं तर पोती फाटलेली दिसायला नकोत? मग मला मावशींच्या हातातली कापडी पिशवी आठवली. रोज दुपारी घरी जाताना ती असायचीच, तळाशी काहीतरी जड. एकदा हे मनात आलं आणि तिथून हलेचना.

एका दुपारी त्या फाटकाशी पोचल्या तेव्हा मी मागून हाक मारली. "मावशी, पिशवीत काय आहे?"

त्या थांबल्या. माझ्याकडे वळल्या. मग पिशवी उलटी केली. पातेल्याच्या बुडाला लागलेली करपलेली खरवड खाली पडली. पोरं हात धुता धुता बघत होती.

"कोंबड्यांले नेतो," त्या म्हणाल्या. "पुसाचं होतं तं आंदी पुसाचं, मॅडम. असं चारचौघात कावून?"

त्यांनी खरवड वेचून पुन्हा पिशवीत भरली आणि गेल्या. मी वाकून मदतही केली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आम्ही दोघी शिक्षिकांनी कशीबशी खिचडी रांधली. शाळा सुटल्यावर मी डब्यात तांदूळ भरला, वर फडकं बांधलं, स्कुटीवर पायाशी दाबून धरला आणि हिवरखेडच्या पिठाच्या चक्कीवर गेले. चक्कीवाले चाचा पांढऱ्या भुकटीने माखलेले, त्यांच्याकडे नवा इलेक्ट्रॉनिक काटा होता.

"या डब्यात किती बसतो ते बघायचंय," मी म्हटलं.

त्यांनी डबा हातात घेतला, फिरवून बघितला. "सपाट तोलू का शीग लावून, मॅडम?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी तळहाताची कड फिरवून वरचा तांदूळ बाजूला काढला आणि रिकाम्या डब्याचं वजन सोडून आकडा दाखवला. बरोबर दोन किलो. मग ओंजळीने पुन्हा टोक येईपर्यंत भरला. दोन किलो दोनशे.

डब्यामागे दोनशे ग्रॅम. रोजचे चार डबे. शाळेचे साठेक दिवस. मी चक्कीसमोर उभ्या उभ्याच गुणाकार केला: अठ्ठेचाळीस किलो, जवळजवळ एक कट्टा.

तशीच मावशींच्या घरी गेले. त्या ओट्यावर तूर पाखडत होत्या. उठल्या नाहीत.

"मावशी, तुम्ही डबा शीग लावून भरता का?"

"मंग? लेकरांच्या भाताले सपाट माप कोन घालते?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "गुरुजी होते तईपासून तसाच भरून राहिली मी. त्यायनं कवा पुसलं नाई. तुमी बी आजच पुसून राहिल्या."

"माझं चुकलं," मी म्हटलं. "मी तुमच्यावर आळ घेतला."

त्यांनी सूप पुन्हा उचललं. "उद्या येतो," एवढंच म्हणाल्या.

मुख्याध्यापक म्हणाले, उंदरांनी खाल्ला असं लिहून टाका, मिटेल. मला ते लिहवेना. मी होतं तसं लिहिलं, डब्याचं वजन दोन्ही प्रकारांनी मांडलं. साहेबांनी वाचलं, खुलासा मागवला, मी दिला, आणि पुढे काही झालं नाही. फक्त एक तोंडी सूचना आली की यापुढे माप सपाटच घ्यावं.

मावशी बोलल्याप्रमाणे दुसऱ्याच दिवशी आल्या होत्या. ही सूचना आल्यावर मात्र घरून एक लाटणं घेऊन आल्या. डबा भरला की कोठीच्या दारात उभ्या राहून मला हाक मारतात, "पाहून घ्या, मॅडम," आणि लाटणं कडेवरून सरळ ओढतात. वरचे दाणे खाली पोत्यात पडतात.

एकदा मी म्हटलं, "मावशी, राहू द्या थोडं."

"लिहून देलं ना तुमी," त्या म्हणाल्या. रागाने नाही.

सातवीच्या मुली शेवटी बसतात. हल्ली त्यांच्यापर्यंत येईस्तोवर पातेल्यात डाव खरडल्याचा आवाज येतो. पूर्वी मी वाढायला उभी राहायची. आता त्या वेळेला मी वर्गात वह्या तपासत बसते, आणि एकच वही दोनदा तपासते.