गोल झाल्यावर मी पळालो नाही

आमचा रेफरी वकीलसाहेब, त्याच्या शिट्टीतून नुसती हवा आली. मैदानातली धूळ आत गेली असावी. खेळ थांबला. दोन्ही संघ कमरेवर हात ठेवून बघत राहिले. अशा वेळेसाठी सहायक रेफरीनं एक जादा शिट्टी खिशात ठेवायची असते, हा आमच्या कामातला रिवाज. माझ्याकडे होती. कोरी. प्लास्टिकच्या पाकिटातली, पाकीटसुद्धा फाडलेलं नव्हतं. मी माझ्या रेषेवरून धावत आत गेलो आणि ती पुढं केली.

त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं. शिट्टीकडे नाही, हाताकडे. मग मान वळवून पलीकडच्या रेषेवरच्या नितीनला हाक मारली.

"नितीन, तुझी दे रे."

नितीन आला. त्याची शिट्टी वापरातली. सकाळच्या मॅचला तोच रेफरी होता, दीड तास ती त्याच्या तोंडात होती. त्यानं ती शर्टाला पुसली. वकीलसाहेबानं ती ओठांत धरली आणि फुंकली. मी हातात पाकीट घेऊन तसाच उभा.

"अपनी लाइन पे जाओ, झंडी," तो म्हणाला.

मी गेलो. प्रेक्षकांत कोणीतरी हसलं. कान तापले होते. आजही लिहिताना तापतात.

झंडी म्हणजे मी. रेषेबाहेर झेंडा घेऊन पळणारा. माझं नाव त्याला ठाऊक होतं, माझ्या कागदांवर ते त्यानं दहादा वाचलं असेल. तोंडावर मी त्याला वकीलसाहेब म्हणायचो, अहो-जाहो करायचो. इथं करणार नाही. हरिशंकरपुरममध्ये, बड्या लोकांच्या वस्तीत, त्याचं घर आहे. त्याचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर, दरबारात कारकुनी करायला, दक्षिणेतून आले. आमचेही दक्षिणेतूनच आले, त्याच फौजेबरोबर. ते पालखीत आले, आम्ही घोड्यांची लीद उचलत मागून आलो. तेव्हापासून आम्ही शिंदे की छावनी या वस्तीत आहोत. घरात मराठीच बोलतो. तरी तो नितीनशी मराठीत बोलणार आणि माझ्याशी हिंदीत. एकदा मी मराठीत उत्तर दिलं तर म्हणाला, "अरे वा, इनको भी आती है." नितीन खो खो हसला.

माझे बाबा त्याच मैदानावर चुन्याच्या रेषा आखतात. तीस वर्षं. बोटांची कातडी सोललेली, नखं पांढरी. मॅचच्या आधी रेफरी दोन्ही सहायकांना जवळ घेऊन सांगतो, कोणता इशारा कसा करायचा, नजर कधी मिळवायची. पहिल्याच वेळी वकीलसाहेबानं सगळं नितीनला सांगितलं आणि शेवटी माझ्याकडे वळला. "तुम्हारे बाप ने लाइन खींची है, तुम लाइन पे दौड़ो. अंदर का मैं देख लूँगा." ह्यालाही मी हसलो. हसायचं असतं असं मला वाटायचं. लाज वाटते सांगायला, पण हसलो.

कारण मला मधला रेफरी व्हायचं होतं. शिट्टीवाला. दिवसभर पाटणकर बाजारातल्या कपड्याच्या दुकानात मी कापडाचे थान उलगडतो आणि घड्या घालतो. संध्याकाळी नियमांचं पुस्तक. परीक्षेच्या अर्जावर वरिष्ठ रेफरीची शिफारस लागते. आमच्याकडे वरिष्ठ म्हणजे हाच. "ठीक से रहो, साइन कर दूँगा," असं तो दोन वर्षं म्हणत होता. मी ठीक राहत होतो.

आता इशाऱ्याचं सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. चेंडू जाळ्यात गेला की रेषेवरच्या माणसाचे पाय बोलतात. गोल बरोबर असेल तर तो मध्यरेषेकडे पळत सुटतो. रेफरी त्याला पळताना बघतो आणि गोल देतो. पण काही गडबड दिसली असेल तर तो पळत नाही. जागीच ताठ उभा राहतो. मग रेफरीनं खेळ थांबवून त्याच्याकडे चालत यायचं, विचारायचं आणि मग ठरवायचं. शिकवताना हे पहिल्याच आठवड्यात सांगतात.

शिट्टीच्या त्याच मॅचमध्ये, उत्तरार्धात, एक फटका खांबाला लागून गोलरेषेवर पडला. गोलकीपरनं तो तिथंच दाबला. चेंडू पूर्ण पार झाला नव्हता. मी सरळ रेषेत होतो, स्वच्छ पाहिलं. ती रेष सकाळी बाबांनी आखली होती. चेंडूच्या पोटाला चुना लागलेला होता.

मी उभा राहिलो. वकीलसाहेबानं लांबून डोळे वटारले. हातानं खूण केली, चल. आणि मी पळालो. मध्यरेषेकडे, झेंडा खाली धरून, जीव खाऊन. गोल झाला.

मॅच संपल्यावर तो गोलकीपर माझ्याकडे आला. मुरैन्याकडचा, माझ्याच वयाचा, गुडघे फुटलेले. भांडायला आला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "आपने तो देखा था न, भैया."

वकीलसाहेबाकडे तो गेला नाही. त्याच्याकडून त्याला काही अपेक्षाच नव्हती. माझ्याकडून होती.

त्या रात्री जेवण गेलं नाही. शिट्टी घेतली नाही म्हणून मी स्वतःला बिचारा समजत होतो. आणि त्याच वकीलसाहेबानं डोळे वटारले म्हणून एका माणसाचं खरं बुडवून आलो होतो. अपमान त्यानं केला, पण खोटेपणा माझ्या पायांनी केला. दोष वाटून घ्यायला कुणी नव्हतं.

पुढच्या महिन्यात फायनल. तोच रेफरी, पलीकडे नितीन, अलीकडे मी. मॅचच्या आधी त्यानं मला बाजूला घेतलं. "आज ठीक से कर लो. कागज ले आना, शाम को साइन." कागद माझ्या पिशवीत होताच.

शेवटची पाच मिनिटं. बरोबरी. कॉर्नरवरून चेंडू आला, गर्दीत नऊ नंबरनं हात घातला आणि चेंडू आत. हातानं. वकीलसाहेबाच्या समोर चार पाठी होत्या, त्याला दिसणं शक्यच नव्हतं. मला दिसलं.

मी उभा राहिलो.

त्यानं खूण केली. चल. मी उभा. पुन्हा खूण, मोठी, सगळ्यांना दिसेल अशी. मी झेंडा मांडीला लावून ताठ उभा.  "भाग न, झंडी!" तो ओरडला.  नियम त्यालाही पाठ होता. सहायक उभा राहिला की रेफरीनं यायचं असतं. आणि तो आला. अर्धं मैदान चालत, लाल होऊन, माझ्या रेषेपर्यंत.

"क्या है?"

मी मराठीत बोललो. "नऊ नंबरचा हात लागला. गोल नाही."

"मला दिसला नाही." प्रथमच माझ्याशी मराठीत.

"मला दिसला."

"सही हवी आहे ना तुला?" आवाज बारीक.

"गोल नाही," मी म्हणालो.

तो परत गेला आणि गोल दिला. त्याचा अधिकार आहे, शेवटचा शब्द रेफरीचा. त्यानं तो वापरला. पण मी पळालो नाही. खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत तिथंच उभा राहिलो आणि सगळ्या मैदानानं ते पाहिलं. हरलेल्या संघानं पाहिलं, हातवाल्या नऊ नंबरनंही पाहिलं. तो माझ्याकडे बघेना.

सही मिळाली नाही. त्यानंतर कुठल्याच मॅचला मला बोलावणं आलं नाही. बाबा घरी चिडले. "पळून जायचं होतं न. चार कदम. काय बिगडलं असतं?"

मी म्हणालो, "बाबा, तुम्ही रेष वाकडी आखता का कधी? साहेबानं सांगितलं म्हणून?"

ते उठले. हात धुवायला गेले. चुना पाण्यानं लवकर निघत नाही, बराच वेळ लागला त्यांना.

मी परीक्षेचा अर्ज भरलाय. शिफारशीच्या रकान्यात सही नाही. तिथं मी लिहिलंय की कुठल्या मॅचला, कितव्या मिनिटाला, कुणाचा हात लागला आणि ते सांगितल्यावर कुणी सही नाकारली. त्याखाली हेही लिहिलं की एका मॅचला मी खोटा पळालो होतो. अर्ज परत आला तर तोच मजकूर पुन्हा लिहीन. जितक्या वेळा येईल तितक्या वेळा.

शिट्टी अजून पाकिटात आहे. आता ती मी कुणापुढं करणार नाही. ती माझ्या तोंडात जाईल, मैदानाच्या मध्यावर. रेषेवर वकीलसाहेब असला तरी.