खुरपायला जायचं की नाही

गयाबाईंचे डोळे सुजून बंद झाले होते. नवऱ्याचा हात धरून त्या आत आल्या. चेहरा आणि मान काळवंडून जाड पडलेली.

ऐंशीच्या दशकात मी परभणीत त्वचारोगांची प्रॅक्टिस करत होतो. गयाबाई ताडकळसकडच्या, घरची पाच एकर जमीन. चार महिन्यांपूर्वी मीच त्यांची पॅच टेस्ट केली होती. म्हणजे संशयाची वस्तू पाठीवर चिकटवून दोन दिवसांनी कातडी पाहायची. गाजरगवत, म्हणजे शेतात माजणारं तण, लावलं होतं त्या जागी फोड उठले. मी स्टेरॉइडच्या थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि शेत बंद करायला सांगितलं.

"गेलात ना शेतात?" मी चिडून विचारलं.

"गेले की. गोळ्याबी चालूच ठेवल्या, दुकानात मिळत्यात. आठ दिवसांखाली सोडल्या."

"एकदम?"

"गोळ्यांनी तोंड लय फुगायलं होतं. बाया वळखंनात."

माझा राग उतरला, भीती वाटली. महिनोन् महिने या गोळ्या घेतल्या की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं थांबतं. गोळ्या अचानक सोडल्या तर जिवावर बेतू शकतं. बीपी खाली होतं. ॲडमिट केलं, गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

तिसऱ्या दिवशी डोळे उघडले. मी स्टूल ओढून बसलो.

"शेत टाळलंत तर गोळ्या हळूहळू सुटतील. शेतात गेलात तर घेत राहाव्या लागतील. मग हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. तुम्हाला काय जमेल?"

त्या उठून बसल्या. "समदं शेत सोडू, का नुसतं गवत?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. "गवत. पण वाळलेलंही बाधतं."

"मग फुलावर यायच्या आधीच उपटलं तर? खुरपण ह्यांच्याकडं. कापूस मी येचते."

नवरा म्हणाला, "मी खुरपू? गाव हसंल."

"माझं तोंड बघून हसलंच की."

त्यानं तिच्या काळवंडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "उपटतो."

मी त्याला हाताला फडकं बांधायला सांगितलं. गयाबाईंना पूर्ण बाह्यांचा सदरा, घरी येताच अंघोळ. गोळ्या सुटायला पाच महिने लागले. खाज पुरती गेली नाही. पावसाळ्यात उसळायची, तेव्हा मलम पुरायचं. कापूस मात्र त्याच वेचायच्या.

पेशंटला पथ्य सांगायला एक मिनिट लागतं. ते पाळता येईल का, हे विचारायला वीस. तेव्हापासून मी सकाळी पेशंटना द्यायचे नंबर कमी केले.