खोबऱ्यासोबत गिळलेला टाक

देव घर सोडून गेला, असंच मला वाटलं होतं. चंपाषष्ठीला तळी भरली, भंडारा-खोबरं वाटलं आणि ताट आवरताना पाहतो तर त्यात ठेवलेला खंडोबाचा टाक नाही. नखाएवढ्या चांदीच्या पत्र्यावर उठवलेला तो देव चार पिढ्या आमच्या देव्हाऱ्यात होता. मी घर पालथं घातलं, बायकोला नाही नाही ते बोललो.

आई त्या दुपारपासून जेवेना. दोन वर्षांत तिची आठवण पार गेली होती, मलाही ती ओळखत नसे. मला वाटलं, हट्ट करतेय. दुसऱ्या दिवशी मी तिचा जबडा धरून भाकरीचा काला तोंडात कोंबला. तिने तो ओकला आणि मी तिच्यावर खेकसलो. हे लिहितानाही लाज वाटते.

तेवढ्यात जुन्नरची एक बांगडीवाली चाची दारात आली. येडगावात ती कधीमधीच यायची, आमच्याकडे तर पहिल्यांदाच. तिची नजर आईच्या लाळेने भिजलेल्या पदरावर गेली.

"भाऊ, थांबा! माय थुंकीबी गिळत न्हाई. घशात कायतरी अडकलंय. माझ्या नातीचं असंच झालं व्हतं. आता पान्याचा थेंबबी देऊ नका, आधी दवाखाना गाठा."

नारायणगावला एक्स-रे काढला. अन्ननलिकेत टाक स्वच्छ दिसत होता. खोबऱ्यासोबत आईने देवच गिळला होता. भाकरीने तो आणखी ढकलला गेला असता तर पत्र्याच्या कडेने नळी फाटली असती, असं डॉक्टर म्हणाले. भूल देऊन त्यांनी दुर्बीण उतरवली आणि कड कुठे लागू नये म्हणून टाक एका नळीत ओढून घेत अलगद बाहेर काढला. बाहेर बाकावर मी एकच घोकत होतो, देवा, तू घरी नाही आलास तरी चालेल, तिला येऊ दे.

दुसऱ्या दिवशी पातळ पेज द्यायला सांगितली. मी चमचा हातात धरला. त्याच हाताने मी तिचा जबडा दाबला होता. आईने माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने तोंड उघडलं. दोन घोट घेऊन म्हणाली, "पावणं, तुमी जेवला का?" मला रडू आवरेना.

दीड महिन्याने ती झोपेतच गेली. तेवढे दिवस मला तिला भरवता आलं, ते चाचीमुळे आणि चाचीला आमच्या दारी धाडणाऱ्यामुळे. आईने एका अनोळखी माणसाच्या हातावर जेवढा भरवसा टाकला, तेवढा मला देवावर टाकता यावा, एवढंच आता मागणं आहे.