अगाथाला भेटायला हौगांगला

इथे सिंगापुरात हौगांगला जायचं ठरलं ते ग्लोरियामुळे. ती आमच्याच मजल्यावरची, मूळची वसईची. "शनिवारी आमच्या प्रार्थनागटात संत अगाथाची गोष्ट सांगणार आहेत. छातीचं दुखणं असलेल्या बायका तिची प्रार्थना करतात. येतेस?"

माझं ऑपरेशन कसलं होतं, हे बाहेर फक्त तिलाच माहीत होतं. मराठी मंडळात, ऑफिसात, अगदी लेकीलाही नवऱ्याने 'पित्ताशयाचं' म्हणून सांगितलं होतं. मीही गप्प बसले होते.

आम्ही राहतो त्या वुडलँड्सहून मेट्रोच्या लाल लाइनने बिशान, सर्कल लाइनने सेरांगून, मग जांभळ्या लाइनने हौगांग. धरा तासभर. चर्चमध्ये जाताना खांदे झाकलेले असू द्या.

चर्चच्या मागच्या खोलीत टेबलावर अगाथाची तसबीर होती. तरुण पोरगी, हातात तबक, तबकात दोन गोल काहीतरी. मला वाटलं, नैवेद्य असेल.

"तिचेच स्तन आहेत," ग्लोरिया हळूच म्हणाली.

गटाचे म्हातारे तमिळ अंकल गोष्ट सांगू लागले. सिसिलीतली अगाथा, चांगल्या घरची. लग्न करायचं नाही, ख्रिस्ताचीच राहायचं, असं तिने ठरवलेलं. तिथल्या रोमन अधिकाऱ्याला ती हवी होती. नाही म्हणाली म्हणून त्याने तिला कुंटणखान्यात ठेवलं. तरी नाहीच म्हणाली, तेव्हा तिचे स्तन कापायला लावले. आईचं जे पिऊन वाढलास तेच कापायला तुला लाज नाही वाटत का, असं तिने त्याला विचारलं म्हणतात. शेवटी निखाऱ्यांवर लोळवलं. ती तुरुंगातच मेली.

"व्हेरी प्युअर गर्ल," अंकल म्हणाले. मग तिच्या शुद्धतेवरच बोलत राहिले.

मला राहवेना. "अंकल, ती नाही म्हणाली. त्या माणसाने तिला कापलं. त्याच्याबद्दल बोला ना!"

पुढच्या खुर्चीवरची चिनी आंटी मागे वळून इथल्या इंग्रजीच्या ढंगात म्हणाली, "करेक्ट लाह."

बाहेर पडून हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपैकी एकावर, कोपी म्हणजे इथली कॉफी घेतली.

"अगं, साधे आहेत गं अंकल," ग्लोरिया म्हणाली.

"साधेच असतात सगळे. माझा नवराही साधाच आहे. लोक काय म्हणतील, एवढंच म्हणाला होता."

घरी आले तेव्हा लेक अभ्यास करत होती, नवरा फोनवर कोणाला तरी सांगत होता, "हो हो, पित्ताशयच. आता बरी आहे."

"कॅन्सर होता," मी मोठ्याने म्हणाले. "छातीचा. डावा स्तन काढलाय. सांग त्यांना."

त्याने फोन छातीशी दाबला. "अगं, पोरीसमोर..."

लेकीने पेन खाली ठेवलं. "आई, आय न्यू. तुझं बँडेज मी बघितलं होतं. यू थिंक आय डोन्ट नो मेह?"

तेरा वर्षांची पोर ऑपरेशनपासून आठ महिने एकटीच हे मनात घेऊन झोपत होती. माझा राग अजून उतरलेला नाही. उतरवायचाही नाही. त्या रात्री ती माझ्या डाव्या कुशीत, जिथे आता सपाट आहे तिथे, डोकं ठेवून झोपली.