पायवाटेवरचा पाट

काशीमावशीच्या सुनेचा, सुनंदाचा फोन आला तेव्हा मी पनवेलच्या माझ्या ऑफिसात पक्षी बघायला येणाऱ्यांची रविवारची पार्टी पक्की करत होतो. "शेट, या रविवारी माणसं आणू नका," ती म्हणाली. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "ऐनवेळी सांगतेस? सासूला दे फोन, मी बघतो तिच्याकडे." ती म्हणाली, "आई सकाळीच गेल्या." फोन ठेवल्यावर पहिला विचार आला तो असा, की आता मी भांडायचं कोणाशी?

मी सहा आसनी रिक्षापासून सुरुवात केलेला माणूस. पुढे जीप घेतली. मुंबईची माणसं पक्षी बघायला कर्नाळ्याला गर्दी करतात हे बघून डोक्यात आलं, की तेच पक्षी शेजारच्या डोंगरातही असणार आणि तिथे गर्दी नसणार. पायथ्याचं गाव तेव्हा वीटभट्ट्यांना लाकूड पुरवत होतं आणि प्लॉटवाले दलाल घिरट्या घालत होते. गावात शब्द चालायचा काशीमावशीचा. म्हटलं, एकटी बाई आहे, अर्ध्या तासात गुंडाळू. संध्याकाळी उठलो तो तिच्या सगळ्या अटी मान्य करून. मला पाहुण्यांच्या जेवणासाठी एकच घर हवं होतं, तिने प्रत्येक घराची पाळी लावली. जीप गावाबाहेर आंब्याखाली थांबणार, वाट गावातलंच माणूस दाखवणार. त्याबदल्यात पक्ष्यांच्या डोंगरावरची लाकूडतोड गाव बंद करणार. मी आवाज चढवला तर म्हणाली, "शेट, वाल चुलीवर हायेत. वरडून लवकर नाय शिजत."

पहिल्या फेरीची सकाळ मी विसरणं शक्य नाही. उंबरावर धनेश बसला होता. वाकडी, दांडगी चोच. फळ हवेत उडवायचा आणि अलगद गिळायचा. सगळा जन्म मी या डोंगराच्या सावलीत काढला आणि हा पक्षी कधी पाहिला नव्हता. मी ओरडलोच. मावशीने दंडाला असा चिमटा काढला, की पाहुण्यांनाही हसू आवरेना. परतताना मी जीपमध्ये गात होतो. त्या दिवसापासून डोंगराचं वेडच लागलं. दर आठवड्याला नवीन काही दिसायचं, आणि भट्टीवर जाणारी माणसं कुऱ्हाड ठेवून दुर्बीण मागायला लागली होती.

आता माझी तक्रार. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते, तोंड लिंपून घेते आणि फक्त फट ठेवते. पिल्लं मोठी होईपर्यंत नर त्या फटीतून तिला भरवतो. ते झाड दाखवीन, असा मावशीने मला शब्द दिला होता. मी मोठ्या कॅमेऱ्यांची पार्टी ठरवली. गावात पोचलो तर आदल्याच दिवशी गावकीने तो डोंगर बंद केलेला. मावशी पायवाटेच्या मधोमध पाट टाकून तांदूळ निवडत बसली होती.

"मावशी, तू शब्द दिला होतास."

"मी दिला. तिनं कुठं दिला? ती आत बसलीय, तिला इचारून या."

"माझी पत जाते इथं."

"पत येते परत. नर बुजला तर आत चारा कोन नेनार, तुमी?"

कॅमेरेवाले मला शिव्या घालत परतले, पुन्हा आले नाहीत. माझं म्हणणं आजही तेच आहे. बंद करायचं होतं तर आधी कळवायचं. त्यानंतर दर वर्षी मी तो शब्द मागायचो, ती "बघू" म्हणायची आणि दर वर्षी वाटेवर पाट पडायचा. आजूबाजूच्या टेकड्यांवर प्लॉटच्या पाट्या लागल्या. हिचा डोंगर मात्र हिरवा राहिला, आणि गावच्या पोरांना कामासाठी शहरात, कामोठ्याला खोली घ्यावी लागली नाही. हे मी तिच्या तोंडावर कधी कबूल केलं नसतं.

मावशीचं दिवसकार्य उरकल्यावर गावात गेलो. जीप आंब्याखालीच लावली. सुनंदाने चहा दिला. मी घुश्शातच होतो. म्हटलं, "तुझी सासू माझा शब्द बुडवून गेली."

"नाय बुडवला," ती म्हणाली. "आई सांगून गेल्यात. शेटचं एक झाड बाकी हाय. पिल्लं उडाली की पयलं त्याला ने, एकट्याला. कॅमेरा नको."

मी चहा खाली ठेवला. इतक्या वर्षांत ती विसरली नव्हती... मी उठून उभाच राहिलो. "कधी उडतील?"

"आता तर बसलीय आत. पावसाच्या तोंडाला."

"तोवर निदान लांबून? झाड कुठलं एवढं तरी?"

सुनंदा डोळे पुसत हसली. "हे बी सांगून गेल्यात," म्हणाली. उठून आत गेली, आणि सासूचा पाट काखेत घेऊन पायवाटेकडे चालायला लागली.